प्रगतिपुस्तकात सगळं छान, मग वाचता का येत नाही?

विहारात दर महिन्याला आम्ही रक्तदाब तपासतो. एकदा एक आजी पाचवीतल्या नातवाला घेऊन आल्या. गोळ्या कधी घ्यायच्या ते आम्ही मराठीत लिहून दिलं आणि नातवाला म्हटलं, “बाळा, आजीला वाचून दाखव.” पोरगं कागदाकडे बघत राहिलं. ‘सकाळी एक’ एवढंही त्याला वाचता येईना.

दुसऱ्या दिवशी त्याच्या आईने प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेली प्रगतिपुस्तकं आणली. मराठीत ब-१. नोंदी अशा: नियमित येतो, वर्गात शांत बसतो, इतरांना मदत करतो, प्रगती समाधानकारक. “मॅडम, शाळा तर चांगलंच म्हणते,” ताई म्हणाल्या.

शांत बसतो म्हणजे शिकतो असं नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ने आठवीपर्यंत नापास करणं बंद केलं, ते योग्यच होतं. २०१९च्या दुरुस्तीने पाचवी-आठवीत नापास करण्याची मुभा राज्यांना मिळाली. पण नापास न करणं वेगळं आणि अडचण लपवणं वेगळं. काही शिक्षक मायेने गोड लिहितात, घरी पोराला मार बसेल म्हणून. काही ठिकाणी नोंदी एकाच साच्यातून सगळ्या वर्गाला उतरतात. आणि काहींच्या मनात असतं, वस्तीतल्या पोरांना एवढं पुरे. हे आम्ही कानांनी ऐकलंय.

नुकसान असं की पुढे दवाखान्यात अध्ययन अक्षमतेची तपासणी करायला गेलं की डॉक्टर शाळेचा अहवाल आणि वह्या बघतात. अहवालात सगळं उत्तम असेल तर आईचं कोण ऐकणार? अध्ययन अक्षमता २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. प्रमाणपत्र असेल तर दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. ही मुलं मंद नसतात. तोंडी गोष्ट झकास सांगतात, पण वाचताना अक्षरं गाळतात, काना-मात्रा सोडतात.

म्हणून प्रगतिपुस्तक मिळालं की श्रेणीवर थांबू नका. बाईंना विचारा: माझं मूल कोणत्या इयत्तेचा उतारा एकट्याने वाचतं? आधी डोळे आणि कान तपासून घ्या. वाहता कान असलेली कितीतरी पोरं वर्गात ‘लक्ष नसलेली’ ठरतात. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांना पोराची अडचण सांगायला लावा. ते पुढे जिल्हा रुग्णालयात पाठवू शकतात. सगळं मोफत. साधारण आठ वर्षांनंतर अध्ययन अक्षमतेची चाचणी होते. आणि शाळेकडे मागणी लेखी करा, पोच घ्या. तोंडी बोललेलं कुणाला आठवत नाही.

त्या ताईंनी अर्ज दिला. पहिल्यांदा मुख्याध्यापकांनी परत पाठवलं, दुसऱ्यांदा महिला मंडळातल्या चौघी सोबत गेल्या. वर्गशिक्षिकेने लिहून दिलं: ‘दुसरीचा उतारा वाचता येत नाही, जोडाक्षरं ओळखत नाही.’ शेजारणीने ते मोठ्याने वाचल्यावर ताई रडल्या. मग डोळे पुसून तो कागद त्यांनी त्याच फोल्डरमध्ये, सगळ्यात वर ठेवला. तपासणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे.