नोव्हाय ते पुणे : मैल किती, तास किती?

नोव्हाय हे नाव कसे पडले याची एक आख्यायिका मिशिगनमध्ये सांगतात. डेट्रॉइटहून निघणाऱ्या ग्रँड रिव्हर रस्त्यावरचा हा सहावा थांबा. पाटीवर 'नंबर' या शब्दाचे संक्षिप्त रूप आणि पुढे रोमन सहा. लोकांनी ते जोडून वाचले आणि झाले 'नोव्हाय'! खरेखोटे काहीही असो, अंतर मोजण्यावरून नाव पडल्याचे सांगणाऱ्या या गावातली मराठी कुटुंबे आजही एकच अंतर मोजत असतात : येथून घर किती दूर?

नकाशावरचे उत्तर सोपे आहे. डेट्रॉइट ते मुंबई हवाई अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर, म्हणजे ७,९०० मैलांच्या आसपास. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट पूर्वेकडे न जाता उत्तरेकडे झुकते आणि ग्रीनलंडवरून जाते. ॲमस्टरडॅममार्गे गेल्यास जेमतेम ४०० किलोमीटर वाढतात. शिवाय ते शहर जवळजवळ निम्म्या वाटेवर आहे. डेट्रॉइटहून तेथवर साडेसात-आठ तास, पुढे मुंबईपर्यंत साडेआठ-नऊ तास.

पण वाचकहो, प्रवास म्हणजे केवळ विमानातले तास नव्हेत. समजा, हिवाळ्यातल्या शुक्रवारी आपण दुपारी ३ वाजता घर सोडले. विमानतळ २५-३० मैलांवर. संध्याकाळी ६ चे विमान, ॲमस्टरडॅमला तीनेक तासांचा मुक्काम, मुंबईत शनिवारी मध्यरात्र. सामान, तपासणी आणि द्रुतगती मार्ग धरून पुण्याच्या दारात पोहोचेपर्यंत रविवारची पहाट. घड्याळाला ३८ तास वाटतात. त्यातले साडेदहा तास दोन देशांच्या वेळेतल्या फरकाचे. प्रत्यक्षात सुमारे २८ तास. उन्हाळ्यात हा फरक साडेनऊ तासांचा असतो. परतताना वारा समोरून येतो, म्हणून उड्डाण लांबते.

सुट्टीसाठी जाताना हे २८ तास कंटाळवाणे. पण घरून अपरात्री फोन आला, तर तेच जीवघेणे ठरतात. तिकीट लगेच मिळाले तरी वाट आखूड होत नाही. गावी अंत्यविधी सहसा काही तासांतच उरकतात. मुलगा किंवा मुलगी पोहोचेपर्यंत थांबायचे की नाही, हा प्रश्न ऐन दुःखात भावंडांपुढे उभा राहतो आणि कधी कधी मनात कायमची अढी ठेवून जातो.

म्हणून दोन गोष्टी आधीच कराव्यात. घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट आणि परतीचा व्हिसा यांच्या मुदती तपासून, ओसीआय कार्ड असल्यास त्यासह, सर्व कागद एका जागी ठेवावेत. दुसरी गोष्ट अवघड आहे. आईवडील धडधाकट असतानाच त्यांच्याशी आणि भावंडांशी या विषयावर मोकळेपणाने बोलावे. "माझ्यासाठी थांबू नका," किंवा "थांबा, मी येतोच," यांपैकी काय ते आधी ठरलेले असले, तर वाट तेवढीच राहील. पण त्या वाटेवर मनाला टोचणी राहणार नाही.