बँकेतल्या त्या छोट्या पेटीत काहीच साठत नाही, मग तिला एवढी कुलपं कशाला?

बँकेच्या काउंटरवर कधी नीट पाहिलंय का? काही ठिकाणी मॉनिटर असतो, कीबोर्ड असतो, पण टेबलाखाली सीपीयूचा तो मोठा डबा दिसत नाही. मॉनिटरच्या पाठीला एक छोटी पेटी स्क्रूने बसवलेली असते. बहुतेकींना पंखाही नसतो, त्यामुळे आवाज नाही. या पेटीला म्हणतात थिन क्लायंट.

शहापूरच्या माणसाला ही भानगड समजायला वेळ लागू नये. भातसा आणि तानसाचं पाणी आपल्या तालुक्यात साठतं, वाटेत भांडुप नाहीतर पांजरापूरला शुद्ध होतं आणि मुंबईत नळाला येतं. मुंबईतल्या नळात पाणी साठत नाही, तो फक्त सोडतो. थिन क्लायंट हा तसाच नळ. तुमचं खातं, त्याचा हिशोब, तो दाखवणारा प्रोग्राम, सगळं दूर कुठल्यातरी सर्व्हरवर चालतं. पेटी तिथलं चित्र पडद्यावर दाखवते आणि कर्मचाऱ्याने दाबलेली बटणं तिकडे पोहोचवते.

याचा फायदा उघड आहे. पेटी चोरीला गेली तरी खातेदारांची माहिती चोराच्या हाती लागत नाही. बिघडली तर दुसरी आणून लावायची, पाच मिनिटांत काम सुरू.

म्हणूनच एक गैरसमज पसरतो. पेटीत काही नाही, तर तिची काळजी कशाला करायची? पण नळ कुणाच्या हातात आहे, यालाही महत्त्व असतंच ना.

नियम लिहितो कोण?

साध्या कॉम्प्युटरवर प्रत्येक जण आपापली सेटिंग करतो. थिन क्लायंटमध्ये तसं नसतं. मुख्य कार्यालयातला आयटीवाला एका सॉफ्टवेअरमध्ये नियम लिहितो आणि पेट्यांचे गट पाडून ते त्यांना लावतो. यालाच सिक्युरिटी पॉलिसी म्हणतात. कॅशियरच्या पेटीला एक, शाखाधिकाऱ्याच्या पेटीला दुसरी. पेटी सुरू झाली की आधी विचारते, माझे नियम काय? उत्तर आलं की तशी वागते.

नियम तरी काय असतात? यूएसबीला कीबोर्ड, माऊस, प्रिंटर चालेल, पेनड्राइव्ह चालणार नाही. दहा मिनिटं कुणी हात लावला नाही तर पडदा कुलूपबंद. ठरलेल्या सर्व्हरशिवाय कुठेही जोडणी नाही. सर्व्हरवरून काही कॉपी करून पेटीवर आणता येणार नाही. सेटिंगच्या पानाला पासवर्ड. आणि पेटी हरवली तर तिची ओळख सर्व्हरवरून रद्द करायची, म्हणजे ती पुन्हा आत शिरणार नाही.

विंडोजवर चालणाऱ्या पेट्यांमध्ये आणखी एक गंमत असते, राइट फिल्टर. दिवसभरात पेटीवर जे काही बदललं, ते बंद-चालू केलं की पुसलं जातं. व्हायरस शिरला तरी रीस्टार्टनंतर पेटी पुन्हा कोरी. ऐकायला छान वाटतं, पण फिल्टर चालू ठेवूनच कुणी सुरक्षेचं अपडेट टाकलं, तर तेही पुसलं जातं. म्हणून आधी फिल्टर बंद करायचा, अपडेट टाकायचं, मग फिल्टर पुन्हा चालू करायचा. शेवटची पायरी राहून गेली तर पेटी उघडीच राहते आणि बाहेरून बघून काही कळत नाही.

नियमांचा कागदच उघड्यावर

डिसेंबर २०२० मधली गोष्ट. डेल कंपनीच्या वाइज थिन क्लायंटमध्ये दोन मोठ्या त्रुटी जाहीर झाल्या. धोका मोजण्याच्या पट्टीवर दोन्हींना १० पैकी १० गुण, म्हणजे याहून वाईट काही नाही. या पेट्या थिनओएस नावाच्या प्रणालीवर चालत. सुरू होताना त्या नेटवर्कवरच्या एका एफटीपी सर्व्हरवरून आपल्या नियमांची फाइल वाचत. अनेक ठिकाणी त्या सर्व्हरला पासवर्डच नव्हता. त्याच नेटवर्कवर असलेला कुणीही ती फाइल वाचू शकत होता आणि बदलूही शकत होता. पेटी बिचारी बदललेले नियम निमूट पाळणार.

या त्रुटी शोधणारी सायबरएमडीएक्स ही कंपनी रुग्णालयांतल्या उपकरणांच्या सुरक्षेवर काम करायची. त्यावरून या पेट्या कुठे कुठे असतात याचा अंदाज येईल. माझ्या मते थिन क्लायंटबद्दल यापेक्षा चांगला धडा नाही. शंभर पेट्यांना कुलूप लावलं आणि किल्ल्यांचा जुडगा व्हरांड्यात टांगला, अशातला हा प्रकार.

मधली वाट

आता पुण्याकडे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ या दोन दिवसांत कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, काही रक्कम स्विफ्टमार्फत हाँगकाँगला वळली. हा हल्ला थिन क्लायंटवरचा नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. चोरट्यांनी एटीएम आणि बँकेची मुख्य प्रणाली यांच्या मधली वाट धरली. तिथे खोटा स्विच उभा करून ‘पैसे द्या’ अशी मंजुरी तेच देत राहिले. एटीएम जागच्या जागी ठीक होते. त्यांना मिळणारा हुकूम खोटा होता.

थिन क्लायंटचा धोकाही याच जातीचा. टोकाचं यंत्र जितकं साधं, तितका त्याचा वरच्या हुकमावर भरवसा जास्त. म्हणून हुकूम खरा आहे का हे तपासायला प्रमाणपत्र लागतं, मधला प्रवास एन्क्रिप्ट करावा लागतो आणि पॉलिसी बदलायचा अधिकार मोजक्या माणसांकडेच ठेवावा लागतो.

त्याच वर्षी १९ ऑक्टोबरला रिझर्व्ह बँकेने नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली. पेनड्राइव्हसारख्या गोष्टींना एरवी बंदी आणि गरज असेल तर ठरावीक कामापुरती, ठरावीक वेळेपुरती परवानगी, हे तत्त्व तिच्यात आहे. छोट्या बँकांकडे आयटीची माणसं कमी असतात. शाखेत जाऊन एकेक कॉम्प्युटर तपासण्यापेक्षा एका जागेवरून नियम लावणं त्यांना परवडतं.

‘लिंक नाही, उद्या या’

मुरबाड-शहापूरकडच्या माणसाने हे वाक्य ऐकलं नसेल तर नवल. पगार, पेन्शन, अनुदान, सगळं या एका शब्दावर अडतं. लाइन तुटली की थिन क्लायंट म्हणजे नुसता काळा पडदा. साध्या कॉम्प्युटरवर निदान एखादं पत्र तरी टाइप करता येतं, इथे तेही नाही.

सुरक्षेचा नियम मोडायचा मोह नेमका याच वेळी होतो. बाहेर रांग वाढलेली, माणसं पाड्यावरून गाडीभाडं खर्चून आलेली. कुणीतरी आपल्या मोबाइलचा हॉटस्पॉट जोडायला बघतो, कुणी साहेबांचा पासवर्ड फोनवर विचारून घेतो. हेतू चांगलाच असतो. म्हणून चांगल्या पॉलिसीत अनोळखी वायफाय बंद असतं आणि एका नावाने एकाच वेळी दोन जागी लॉगइन होत नाही. पण नुसती बंदी घालून भागत नाही. वेगळ्या कंपनीची दुसरी लाइन आणि चालू स्थितीतली यूपीएस बॅटरी शाखेला दिलेली नसेल, तर वैतागलेली माणसं पळवाट शोधणारच.

काउंटरवरच्या बाईंनी तुमचा पेनड्राइव्ह घ्यायला किंवा तिथल्या यूएसबीला तुमचा मोबाइल चार्जिंगला लावायला नकार दिला, तर वाद घालू नका. त्यांनी हो म्हटलं असतं, तरी ती पेटी ऐकणार नव्हती.