प्रारणसंवेदनशीलता, दैनिक

क्ष-किरण, गॅमा किरण यांसारख्या आयनीकारक प्रारणाची एकच मात्रा दिवसाच्या निरनिराळ्या वेळी दिल्यास शरीराला होणारी इजा कमीअधिक असू शकते. सु. २४ तासांच्या आवर्तनाने होणाऱ्या या बदलास दैनिक प्रारणसंवेदनशीलता म्हणतात. कर्करोगावरील किरणोपचारात तिला महत्त्व आहे. चंद्रपूर व गडचिरोली या वनबहुल जिल्ह्यांत तंबाखू, सुपारी व चुना एकत्र घोटून केलेला खर्रा खाण्याचे व्यसन मोठ्या प्रमाणावर आढळते. तंबाखू व सुपारी ही दोन्ही मुखकर्करोगाची कारणे असल्यामुळे तेथील रुग्णांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ शास्त्रीय कुतूहलाचा नाही.

कारणमीमांसा : मेंदूच्या तळाशी असलेला एक लहान कोशिकासमूह प्रकाशाच्या अनुरोधाने शरीराचे दैनिक आवर्तन नियंत्रित करतो. याशिवाय बहुतेक कोशिकांमध्ये (पेशींमध्ये) विशिष्ट जनुकांच्या क्रियेने चालणारे स्वतंत्र जैव घड्याळ असते. या यंत्रणेच्या शोधाबद्दल हॉल, रॉसबॅश व यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोशिका विभाजनाच्या वेळी व त्याच्या लगेच आधी प्रारणास सर्वांत संवेदनशील, तर डीएनएची प्रतिकृती पूर्ण होत आली असता बरीच प्रतिकारक्षम असते. ज्या ऊतकातील पुष्कळ कोशिका ठराविक वेळी विभाजनास येतात, त्याला त्या वेळी अधिक इजा संभवते. मुखाच्या अस्तरातील कोशिकांचे विभाजन रात्रीच्या सुमारास, तर गुदाशयाच्या अस्तरातील कोशिकांची वाढ पहाटे व सकाळी अधिक होते, असे मानवी ऊतकांच्या तपासणीत दिसून आले आहे.

निरीक्षणे : प्रारणानंतर प्राणी किती काळ जगतो हे प्रारणाच्या वेळेवरही अवलंबून असते, असे उंदरांवरील प्रयोगांतून १९६३ मध्ये अमेरिकेत दाखविण्यात आले. कॅनडात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डोके व मान यांच्या कर्करोगासाठी सकाळी उपचार घेणाऱ्यांपैकी सु. ५३%, तर दुपारी घेणाऱ्यांपैकी सु. ६२% रुग्णांना तीव्र मुखदाह झाला. लखनौ येथील त्याच वर्षीच्या अभ्यासातही सकाळच्या गटात हे प्रमाण कमी होते. मात्र दोन्ही ठिकाणचा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या निर्णायक नव्हता. गर्भाशयग्रीवेच्या कर्करोगात याउलट अनुभव आला. लखनौ येथीलच २०१० च्या अभ्यासात सकाळी उपचार घेतलेल्या सु. ८७% व सायंकाळी घेतलेल्या सु. ६८% स्त्रियांना अतिसार झाला. यावरून संपूर्ण शरीराला सारखीच अनुकूल अशी एक वेळ नसून ती इंद्रियागणिक बदलते, असे अनुमान निघते.

मर्यादा : भिंतीवरचे घड्याळ व शरीराचे घड्याळ नेहमी जुळतातच असे नाही. चंद्रपूर परिसरातील कोळसा खाणींत किंवा औष्णिक विद्युत् केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या कामगाराचे दैनिक आवर्तन विस्कळित झालेले असू शकते. त्यामुळे इतरांना अनुकूल ठरणारी वेळ त्याला तशीच ठरेल असे म्हणता येत नाही. शिवाय एका यंत्रावर दिवसभर अनेक रुग्णांचे उपचार चालत असल्याने सर्वांना सकाळची वेळ देणे शक्य नसते.

व्यावहारिक महत्त्व : मुखकर्करोगाचे किरणोपचार सामान्यतः आठवड्यातून पाच दिवस याप्रमाणे सहा ते सात आठवडे चालतात. भामरागड किंवा सिरोंच्याच्या रुग्णाला नागपूरला जावे लागल्यास ३०० किमी.हून अधिक प्रवास व दीर्घ मुक्काम करावा लागतो. मजुरी बुडणे, खर्च आणि मुखदाहामुळे अन्न न गिळता येणे यांमुळे उपचार मध्येच खंडित होण्याचा धोका असतो. खंड पडल्यास उरलेल्या कर्ककोशिका झपाट्याने वाढतात व रोग आटोक्यात येण्याची शक्यता प्रत्येक वाढीव दिवसागणिक सु. एक टक्क्याने घटते. म्हणून सोयीची वेळ उपलब्ध असल्यास तिचा लाभ घेणे इष्ट होय. तथापि विशिष्ट वेळेसाठी उपचार लांबविणे हितावह नाही. उपचार कोणत्या प्रहरी झाला यापेक्षा तो अखंडपणे पूर्ण झाला की नाही, यावर रुग्णाचे भवितव्य अधिक अवलंबून असते.