बेदरचें विद्यामंदिर : एक पायीं फेरी

दामाजीपंतांची कथा जेथें सांगितली गेली नाहीं असें मराठी घर विरळाच. दुष्काळांत मंगळवेढ्याचीं कोठारें लोकांस मोकळीं करून देणारे पंत, त्यांस नेण्यास आलेले बादशहाचे शिपाई, आणि विठू महाराच्या वेषानें दरबारांत धान्याचे पैसे भरणारा पांडुरंग, हें सर्व आपण लहानपणीं आजीच्या मांडीवर ऐकलेलें असतें. परंतु परंपरा ज्या दरबाराचें नांव सांगते तें बेदर शहर आपणांपैकीं किती जणांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे? हिमायतनगर, नांदेड, देगलूर, उदगीर इकडील कुटुंबांस तर बेदर म्हणजे शेजारघर. इ. स. १९५६ पर्यंत हा सारा मुलूख एकाच हैदराबाद राज्यांत होता. भाषावार रचनेनंतर नांदेड इकडे आलें आणि बेदर कर्नाटकांत गेलें. पण सीमा बदलली तरी वाट बदलली नाहीं. हिमायतनगराहून नांदेडास यावें आणि तेथून देगलूर-औरादवरून बेदर गांठावें.

आज बेदरास पशुवैद्यकाचें विद्यापीठ आहे. परंतु विद्येचें ठाणें म्हणून या नगराची ख्याति पांच शतकांपूर्वींची. इ. स. १४३० च्या सुमारास बहामनी सुलतान अहमदशहानें आपली राजधानी गुलबर्ग्याहून येथें आणली. उंच पठार, निरोगी हवा आणि मुबलक पाणी हीं त्याचीं कारणें सांगतात. माती तांबडी, दगड जांभ्याचा. त्यामुळें पाहुण्यास क्षणभर आपण कोंकणांत तर आलों नाहीं ना, असा भास होतो.

जुन्या शहरांतील मुख्य इमारती एकाच सरळ रस्त्यानें पायीं पाहतां येतात. फेरीचा आरंभ चौबाऱ्यापासून करावा. चार रस्ते मिळतात त्या मध्यावर सुमारें ७१ फूट उंचीचा हा वाटोळा टेहळणीचा बुरूज उभा आहे. येथून किल्ल्याच्या दिशेनें चालूं लागलें कीं थोड्याच अंतरावर एक उंच मिनार दिसूं लागतो. त्याच्या अंगावर निळ्या, पिवळ्या, पांढऱ्या चिनी विटांचे तुकडे अजून चिकटून आहेत. हेंच महमूद गवानाचें विद्यालय, म्हणजे मदरसा.

महमूद गवान हा मूळचा इराणांतील गिलान प्रांताचा. इ. स. १४५३ च्या सुमारास तो व्यापारी म्हणून दक्षिणेंत आला आणि आपल्या योग्यतेनें बहामनी राज्याचा वजीर झाला. कोंकणांतील खेळणा म्हणजे आजचा विशाळगड, आणि पुढें गोवें, हीं त्यानेंच बहामनी अमलाखालीं आणिलीं. जमिनीची मोजणी करविली. सुभेदारांचें बळ आटोक्यांत राहावें म्हणून चार सुभ्यांचे आठ केले. पण या कारभारी पुरुषाचें मन ग्रंथांत रमे. त्याचीं फारसी पत्रें ग्रंथरूपानें प्रसिद्ध आहेत, आणि जामी या थोर इराणी कवीशीं त्याचा पत्रव्यवहार होता.

इ. स. १४७२ मध्यें पुरें झालेलें हें विद्यालय सुमारें २०५ फूट लांब व १८० फूट रुंद असून तीन मजल्यांचें आहे. मध्यें मोठा चौक, त्याच्या चारी बाजूंस व्याख्यानाचे दिवाणखाने, आणि विद्यार्थ्यांच्या व गुरुजनांच्या खोल्या. समोरच्या भागांत एकीकडे मशीद व दुसरीकडे ग्रंथालय. या ग्रंथालयांत सुमारें तीन हजार हस्तलिखितें होतीं असें सांगतात. छापखाना दक्षिणेंत यावयाचा होता. एकेक पोथी हातानें उतरून घ्यावी लागे. हें ध्यानांत घेतलें म्हणजे तीन हजार या आंकड्याचें मोल कळतें. अशीच रचना समरकंद येथें उलुघ बेगानें इ. स. १४२० च्या सुमारास उभारलेल्या मदरशांत आहे. दूरदेशचा तो नमुना दक्षिणेच्या पठारावर आणून रुजविण्याचें काम एका परदेशी वजिरानें केलें. आपल्याकडील घरांस गुरुगृहीं राहून वेदाध्ययन करण्याची परंपरा ठाऊक आहे. गुरु, शिष्य आणि ग्रंथ एका छपराखालीं असावे ही येथील कल्पना त्यांस परकी वाटावयाची नाहीं.

याच गवानाचा अंत मात्र फार करुण झाला. त्याच्या वैऱ्यांनीं मोहोर सांभाळणाऱ्या त्याच्या नोकरास दारू पाजून कोऱ्या कागदावर शिक्का उठवून घेतला, आणि ओरिसाच्या राजास स्वारीचें आमंत्रण देणारें बनावट पत्र सुलतान तिसरा महंमदशहा याच्या हातीं दिलें. सुलतानानें चौकशी न करितां इ. स. १४८१ सालीं त्या वृद्ध वजिराचा शिरच्छेद करविला. घरझडतींत मोठें धन सांपडलें नाहीं. मिळकत दानधर्मांत व ग्रंथांवर खर्च झाली होती. सुलतान वर्षभरांत वारला. पुढें राज्य फुटून निजामशाही, आदिलशाही, कुतुबशाही, इमादशाही आणि बरीदशाही अशा पांच शाह्या झाल्या. दामाजीपंतांचा हिशेब चुकता करण्यास विठू धांवून आला, असें आपली कथा सांगते; गवानाच्या वेळीं मात्र दरबारांत सत्य सांगावयास कोणीहि पुढें आलें नाहीं.

इमारतीचा आग्नेयेकडील भाग आज ढासळलेला दिसतो, आणि दर्शनी बाजूच्या दोन मिनारांपैकीं एकच उरला आहे. औरंगजेबानें इ. स. १६५७ सालीं बेदर घेतल्यावर येथें फौजेची वस्ती झाली व कांहीं खोल्यांत दारूगोळा भरण्यांत आला. इ. स. १६९६ च्या सुमारास त्या दारूचा भडका उडून ही बाजू कोसळली. गवानाच्याच सैन्यानें बेळगांवच्या वेढ्यांत तटाखालीं सुरुंग पेरले होते, आणि त्या दारूनेंच पुढें त्याच्या विद्यालयाचा घास घेतला! ग्रंथांच्या जागीं दारू भरणाऱ्या माणसांस त्या खोल्या केवळ मजबूत कोठ्या दिसल्या असाव्यात.

येथून पुढें किल्ला. कातळ खोदून केलेला तिहेरी खंदक ओलांडतांना जरा थांबावें. शर्झा दरवाजावर वाघांच्या आकृति कोरल्या आहेत. हा दरवाजा इ. स. १५०३ चा. आंत सोळा खांबी मशीद इ. स. १४२३-२४ मधील, म्हणजे येथील अत्यंत जुन्या इमारतींपैकीं एक. रंगीन महालांत लांकडी खांबांवरील कोरीव काम आणि काळ्या दगडांत जडविलेले शिंपल्यांचे तुकडे अवश्य पाहावे. हें वैभव मुख्यतः अली बरीदशहाच्या काळचें. महाल बंद असल्यास रखवालदारास विनंती करावी. या वैभवाची दुसरी बाजूहि विसरूं नये. गवानाच्याच काळीं येथें आलेला निकितीन हा रशियन व्यापारी लिहून गेला आहे कीं, सरदार ऐश्वर्यांत लोळतात आणि खेड्यांतील प्रजा दैन्यांत असते. दामाजीपंतांची कथा कोणत्या वेदनेंतून जन्मली असेल, तें यावरून उमजतें.

परततांना बिदरी काम करणाऱ्या कारागिरांकडे मुलांस जरूर न्यावें. जस्त व तांबें यांच्या मिश्रधातूवर नक्षी कोरून तींत चांदीची तार बसवितात आणि किल्ल्यांतील जुनी माती व नवसागर यांच्या योगानें भांडें काळें करितात. काळ्या जमिनीवर चांदी खुलते ती या मातीमुळें.

संपूर्ण फेरीस एक दिवस पुरे. घरांतील वडील माणसांनीं चौबारा व मदरसा पाहून सांवलींत बसावें; किल्ल्याची चढण तरुणांनीं करावी. मुलांस मात्र मदरशाच्या पडक्या बाजूपाशीं उभें करून ती कशी पडली तें सांगावें. विद्यागृह बांधणें हें एका उदार मनाचें काम असतें. तें विद्यागृह म्हणूनच राहूं देणें हें पुढील प्रत्येक पिढीचें काम असतें. आपल्या गांवच्या शाळेच्या खोलींत पुस्तकें हलवून पोतीं रचण्याचा प्रसंग कधीं आला, तर बेदरचा तो पडका कोपरा या मुलांस आठवावा.