शस्त्रक्रियेनंतरचे दुखणे आणि श्वासाची साथ

शस्त्रक्रिया व्यवस्थित पार पडली, असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांचा जीव भांड्यात पडतो. रुग्णाची परीक्षा मात्र पुढेच असते. टाक्यांचे दुखणे, अपुरी झोप, खर्चाची विवंचना आणि ‘मी पूर्ववत होईन ना?’ ही शंका त्याला घेरून असते. हा भार केवळ मनापुरता राहत नाही, याकडे आम्ही आपले लक्ष वेधू इच्छितो.

मनावर ताण असता शरीरात कॉर्टिसॉलसारखी संप्रेरके वाढतात व जखम भरून येण्याची क्रिया मंदावते. अमेरिकेतील ओहायो स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी दंतवैद्यकाच्या ११ विद्यार्थ्यांच्या टाळूवर सारख्याच मापाची लहानशी जखम दोनदा केली. एकदा सुटीत आणि एकदा परीक्षेच्या तोंडावर. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात परीक्षाकाळातील जखम भरून येण्यास सरासरी ३ दिवस, म्हणजे ४० टक्के, अधिक लागल्याचे आढळले.

पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर भीतीचा आणखी एक परिणाम दिसतो. दुखेल म्हणून रुग्ण उथळ श्वास घेतो, खोकला दाबतो, उठण्याचे टाळतो. त्यामुळे फुप्फुसात कफ साचून न्यूमोनियाचा धोका संभवतो.

येथे सजगतेचा अभ्यास उपयोगी पडतो. डॉ. जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात दीर्घकालीन दुखण्याच्या रुग्णांसाठी असा अभ्यासक्रम सुरू केला. त्याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत आहे. इगतपुरीच्या विपश्यना शिबिरांत प्रथम शिकविले जाणारे ‘आनापान’ आपल्यापैकी अनेकांना परिचित असेल.

कृती साधी आहे. उशाला टेकून सैल पडावे. येणारा-जाणारा श्वास जसा असेल तसा पाहावा. दुखणे जाणवल्यास ते कोठे आहे, ओढ लागते की आग होते, एवढेच न्याहाळावे. मन बिलाच्या काळजीकडे धावले, तर त्याला न रागावता श्वासाकडे परत आणावे. ५ मिनिटे पुरेशी आहेत. याने दुखणे नाहीसे होत नाही. दुखण्यावर चढलेली भीती उतरू लागते. मग खोल श्वसनाचे व्यायाम करण्यास आणि चार पावले चालण्यास रुग्ण अधिक सहज तयार होतो.

मात्र हा अभ्यास औषधांना पर्याय नव्हे. वेदनाशामक औषध नाकारून सोसत राहणे म्हणजे सजगता नव्हे. ताप, जखमेतून पू, पोटरीला सूज किंवा अचानक धाप लागल्यास तत्काळ परिचारिकेस कळवावे. डोळे मिटल्याने अस्वस्थता वाढत असेल, तर अभ्यास थांबवावा.

नातेवाइकांनी रुग्णाजवळ खर्चाची चर्चा टाळून ५ मिनिटे शांत बसावे, हीदेखील शुश्रूषाच आहे. देणगीदार व विश्वस्त यांना आमचे नम्र निवेदन एवढेच की, या उपचारास महागडे यंत्र लागत नाही. लागतो तो परिचारिकेचा वेळ आणि कक्षातील शांतता. आपल्या साहाय्यातून या दोन्ही गोष्टी रुग्णाला लाभाव्यात, ही आमची अपेक्षा आहे.