सफरचंदाच्या रसाने तगवलेली व्हिस्की: जपानच्या योइची डिस्टिलरीत काय पाहायला मिळतं?

जपानच्या उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावर योइची नावाचं छोटं गाव आहे. रेल्वे स्टेशनातून बाहेर पडून थोडंसं चाललं, की वेशीसारखं दगडी प्रवेशद्वार आणि आत लाल छपरांच्या इमारती दिसतात. हीच निक्का कंपनीची १९३४ साली सुरू झालेली डिस्टिलरी.

संस्थापक मासाताका ताकेत्सुरू हे साके ही तांदळाची दारू बनवणाऱ्या घराण्यातले. १९१८ मध्ये ते स्कॉटलंडला गेले, व्हिस्कीचं तंत्र शिकले आणि रिटा कोवान या स्कॉटिश तरुणीशी लग्न करून १९२० मध्ये परतले. आधी त्यांनी दुसऱ्या कंपनीसाठी यामाझाकी डिस्टिलरी उभारली. स्वतःच्या डिस्टिलरीसाठी मात्र त्यांना स्कॉटलंडसारखी थंड, दमट हवा हवी होती. ती योइचीत मिळाली.

तोवर पैसा कुठून आणायचा?

व्हिस्की लाकडी पिंपात अनेक वर्षं मुरावी लागते. तोपर्यंत विकायला काहीच नसतं. योइचीत सफरचंदं भरपूर पिकतात, म्हणून कंपनीने आधी त्यांचा रस विकायला काढला. कंपनीचं नावच होतं 'दाई निप्पॉन काजू'. आपल्या काजूशी याचा संबंध नाही. जपानीत 'काजू' म्हणजे फळांचा रस. १९४० मध्ये पहिली व्हिस्की बाजारात आली, तेव्हा 'निप्पॉन'मधला 'नि' आणि 'काजू'मधला 'का' घेऊन तिचं नाव 'निक्का' ठेवलं.

कोळशाची भट्टी

इथलं खरं आकर्षण म्हणजे तांब्याची मोठी पात्रं. बहुतेक डिस्टिलऱ्यांत ती वाफेने तापवतात. योइचीत आजही खाली दगडी कोळसा जळतो. कामगार दर काही मिनिटांनी फावड्याने कोळसा टाकतो आणि अंदाजाने आच सांभाळतो. ही पद्धत कष्टाची आहे, पण थेट आचेमुळे व्हिस्कीला किंचित करपूस, दमदार चव येते. पात्रांच्या गळ्यात शिंतो परंपरेतले पवित्र दोर बांधलेले दिसतात. साके बनवणाऱ्यांची ही प्रथा ताकेत्सुरूंनी इथे आणली.

जाण्याआधी

मार्गदर्शकासह फेरी मोफत असते, पण आधी नोंदणी करावी लागते. शेवटी चव घ्यायला व्हिस्की मिळते; २० वर्षांखालच्यांना आणि गाडी चालवणाऱ्यांना मात्र नाही.

मुरलेला साठा अपुरा पडल्यामुळे २०१५ मध्ये 'योइची १०' सह वयाचा उल्लेख असलेल्या इथल्या बाटल्या बंद कराव्या लागल्या. 'योइची १०' परत आली ती २०२२ मध्ये. मागणी कितीही वाढली, तरी दहा वर्षांची व्हिस्की तयार व्हायला दहा वर्षंच लागतात.