निरंक आणि नाबाद : खंडित क्रीडाहंगामाच्या परिभाषेविषयी

१

घडलेल्या गोष्टींना नावे देण्यात सर्वच भाषा तत्पर असतात. न घडलेल्या गोष्टींमध्ये प्रकारभेद करण्याची निकड मात्र त्यांना क्वचित भासते. शर्यत जिंकली, हरली अथवा बरोबरीत सुटली, हे सांगण्यास नेमके शब्द असतात. शर्यत झालीच नाही, असे म्हटले की विषय संपतो. परंतु न होणेही एकाच जातीचे नसते. खेळाडूने नकार दिला म्हणून सामना न होणे, सामना पुढे ढकलला गेल्यामुळे तो त्या दिवशी न होणे आणि मैदानालाच कुलूप लागल्यामुळे तो कधीच न होणे, या तीन भिन्न घटना होत. २०२० व २०२१ या वर्षांतील कोविडच्या महामारीने हा भेद केवळ भाषिक कुतूहलाचा राहू दिला नाही. महाविद्यालयीन खेळाडूच्या कागदपत्रांत त्या काळासाठी कोणता शब्द लिहावयाचा, यावर त्याचे काही हक्क अवलंबून राहिले. या शब्दांची अर्थदृष्ट्या छाननी करून त्यांचा व्यवहारातील परिणाम दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरणे मुख्यतः यवतमाळ जिल्हा व विदर्भ येथील असून तुलनेसाठी एक उदाहरण अमेरिकेतील घेतले आहे.

२

प्रथम घटनाक्रम ध्यानात घेऊ. महाराष्ट्र शासनाने मार्च २०२० च्या मध्यास १८९७ चा साथरोग कायदा अंमलात आणला. हा कायदा मुंबई इलाख्यातील प्लेगच्या निमित्ताने जन्मास आला होता, हे सर्वश्रुत आहे. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी सुरू झाली. ‘टाळेबंदी’ हा शब्द तोवर प्रामुख्याने गिरणीमालकाने कामगारांसाठी दार बंद करणे या अर्थी रूढ होता. काही दिवसांतच तो सर्व समाजाला लागू झाला. अर्थविस्ताराचे इतके त्वरित उदाहरण विरळाच.

यवतमाळ जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत. आपल्याकडील आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा सामान्यतः पावसाळा ओसरल्यानंतर भरतात आणि त्यांतून निवडलेले विद्यापीठाचे संघ हिवाळ्यात आंतरविद्यापीठ स्पर्धांना जातात. त्यामुळे मार्च २०२० मध्ये आपला हंगाम बहुतांशी आटोपलेला होता. पहिली ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ क्रीडास्पर्धा भुवनेश्वर येथे २२ फेब्रुवारी ते १ मार्च २०२० या काळात पार पडली, ती जणू दार बंद होण्यापूर्वी. खरा घाव बसला तो पुढील वर्षावर. १५ फेब्रुवारी २०२१ पासून महाविद्यालये निम्म्या उपस्थितीने उघडण्यास राज्याने अनुमती दिली. परंतु त्याच आठवड्यात यवतमाळ व अमरावती येथे रुग्णसंख्या वाढल्यामुळे पुन्हा निर्बंध जाहीर झाले. राज्यातील महाविद्यालये नियमितपणे सुरू झाली ती २० ऑक्टोबर २०२१ पासून, आणि दुसरी ‘खेलो इंडिया’ विद्यापीठ स्पर्धा बंगळूर येथे भरली ती २४ एप्रिल २०२२ रोजी. तीन वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमास २०१९ च्या जून-जुलैत प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याचा हिशेब यावरून सहज करता येईल. त्याचे पहिले वर्ष नवखेपणाचे, दुसरे बंद दारांचे आणि तिसरे अर्ध्यावर उघडलेले.

अमेरिकेत स्थिती उलट होती. तेथील महाविद्यालयीन बेसबॉलचा हंगाम फेब्रुवारीच्या मध्यास सुरू होऊन जूनमध्ये संपतो. ओमाहा येथे १९५० पासून भरत आलेली अंतिम स्पर्धा १२ मार्च २०२० रोजी रद्द झाली, तेव्हा संघ जेमतेम महिनाभर खेळले होते. म्हणजे तेथे हंगाम मध्येच तुटला आणि आपल्याकडे तो उगवलाच नाही. व्यवहारात दोहोंसही ‘हंगाम गेला’ असेच म्हटले जाते.

३

‘हंगाम’ हा शब्द फारसीतून आला असून त्याचा मूळ अर्थ वेळ, समय असा आहे. यवतमाळसारख्या कापसाच्या जिल्ह्यात हा शब्द उच्चारताच खरीप व रब्बी आठवतात. खेळाचा हंगाम हा त्याचा लाक्षणिक विस्तार होय. म्हणूनच खेळाच्या नुकसानीसाठी जी क्रियापदे वापरली जातात तीही शेतीचीच असतात: हंगाम बुडाला, हंगाम हातचा गेला, हंगाम वाया गेला. या सर्व प्रयोगांत कर्ता हंगाम आहे, माणूस नाही. बोलणाऱ्याने दोष कोणावरही ठेवलेला नाही.

कार्यालयीन शब्द याहून काटेकोर आहेत. ‘रद्द’ हा मूळ अरबी शब्द. परत करणे, नाकारणे हा त्याचा गाभा. जे रद्द झाले त्याचे देणे उरत नाही. ‘तहकूब’ म्हटले की काम थांबले, पण उर्वरित भाग करावयाचा आहे, अशी अपेक्षा कायम राहते. सभा तहकूब होते ती पुन्हा भरण्यासाठी. ‘स्थगित’ या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ झाकलेला, आच्छादलेला असा आहे. आजच्या मराठीत तो ‘तहकूब’ याच्या जवळ आला असला तरी पुन्हा केव्हा उघडावयाचे याची निश्चिती त्यात कमी आहे. ‘अनिर्णित’ या शब्दात खेळ झाला, पण निकाल लागला नाही, असा अर्थ आहे. थोडक्यात, झालेल्या भागाचे काय होणार आणि राहिलेल्या भागाचे देणे उरते की नाही, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवरून या शब्दांचे वर्गीकरण करता येते.

क्रिकेटच्या क्षेत्रात त्या काळात हे भेद प्रत्यक्ष दिसले. रणजी करंडकाचा अंतिम सामना राजकोट येथे ९ ते १३ मार्च २०२० या काळात झाला. अखेरचा दिवस प्रेक्षकांविना खेळला गेला. सामना अनिर्णित राहिला, परंतु बंगालच्या ३८१ धावांविरुद्ध सौराष्ट्राने ४२५ धावा केल्या असल्यामुळे पहिल्या डावातील आघाडीवर विजेतेपद सौराष्ट्राकडे गेले. येथे झालेल्या भागाने न झालेल्या भागाचा निर्णय केला. त्यानंतर लगेच व्हावयाचा इराणी करंडकाचा सामना मार्च २०२० मध्ये होऊ शकला नाही. तो २०१९-२० या हंगामाच्याच नावाने ऑक्टोबर २०२२ मध्ये राजकोट येथे खेळविण्यात आला. अडीच वर्षांनी का होईना, देणे फिटले. हा शुद्ध ‘तहकूब’ प्रकार होय. याउलट २०२०-२१ ची रणजी स्पर्धा भरविण्यातच आली नाही. १९३४-३५ पासून अखंड चालत आलेल्या या स्पर्धेत असा खंड प्रथमच पडला. २०१७-१८ व २०१८-१९ अशी लागोपाठ दोन विजेतेपदे मिळविलेल्या विदर्भाच्या खेळाडूंनाही त्या वर्षी या स्पर्धेविना राहावे लागले. मार्च २०२१ मध्ये वयोगटांच्या स्पर्धाही पुढे ढकलल्या गेल्या. प्रौढ खेळाडूच्या बाबतीत पुढील वर्ष येते. एकोणीस वर्षांखालील गटातील मुलगा मात्र दरम्यान वीस वर्षांचा होतो. स्पर्धेपुरता जो शब्द ‘तहकूब’ आहे, तोच त्या मुलापुरता ‘रद्द’ ठरतो. एकाच घटनेला दोन शब्द लागू पडतात, कारण मोजणारे घड्याळ वेगळे आहे.

४

आता वाक्यरचनेकडे वळू. मराठीत न खेळण्याविषयी किमान तीन रचना आहेत. ‘मी खेळलो नाही’ हे साधे नकारार्थी विधान. त्यात कर्त्याच्या इच्छेचा नकारही सामावू शकतो. ‘मला खेळता आले नाही’ या रचनेत कर्ता चतुर्थीत जातो, क्रियापद त्याच्याशी जुळत नाही आणि अडथळा त्याच्या बाहेर आहे असे सूचित होऊ शकते. ‘माझे खेळायचे राहिले’ ही तिसरी रचना. वऱ्हाडीत हीच ‘खेळाचं राह्यलं’ अशी ऐकू येते. तीत क्रिया बाकी म्हणून शिल्लक आहे. तिचे देणे कोणाकडे तरी आहे. सामान्य माणूस या तीन रचना कोणी न शिकविता अचूक वापरतो आणि ऐकणाराही त्यांतील भेद तत्काळ ओळखतो.

कार्यालयीन तक्त्यात मात्र या तिन्ही रचना एकाच शब्दात विलीन होतात. तो शब्द म्हणजे ‘निरंक’. ज्या रकान्यात लिहिण्यासारखे काही नाही तेथे तो लिहिला जातो, आणि हिशेबाच्या दृष्टीने तो निर्दोष आहे. परंतु शून्याला कारण नसते. ज्याने मैदानाकडे पाठ फिरविली त्याच्यापुढेही निरंक आणि ज्याच्यासाठी मैदानच उघडले नाही त्याच्यापुढेही निरंक. दोन वर्षांनी तो कागद वाचणाऱ्या अधिकाऱ्यास या दोघांत भेद करण्याचे साधन उरत नाही.

हा प्रश्न केवळ मानाचा नाही. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांमध्ये गुणवत्ताधारक खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याचा लाभ विहित स्पर्धांतील प्राविण्याच्या प्रमाणपत्रावर आणि त्याच्या पडताळणीवर अवलंबून असतो. जी स्पर्धा भरलीच नाही तिचे प्रमाणपत्र असू शकत नाही, हे उघड आहे. शेतमजुराच्या अथवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या विद्यार्थ्यापुढे शिक्षण चालू असतानाचे दोनतीन हंगाम हीच संधी असते. पदवी हाती पडली की घराला हातभार लावण्याची निकड त्याला मैदानावर थांबू देत नाही. म्हणून त्या एका वर्षाची नोंद कशी होते, याला महत्त्व आहे.

५

मराठीच्या व्यवहारात खंडित हंगाम मोजण्याची साधने नाहीत काय? माझ्या मते दोन आहेत आणि दोन्ही आपल्या नित्य परिचयाची आहेत.

पहिले साधन शेतीतील. गावातील पिकाचे उत्पन्न प्रमाण उत्पन्नाच्या तुलनेत किती आले हे ठरविण्याची जी पद्धत आहे तिला पैसेवारी म्हणतात. रुपया सोळा आण्यांचा असताना तिचे नाव आणेवारी होते आणि बोलण्यात ते अद्याप टिकून आहे. पैसेवारी ५० पैशांहून कमी ठरली की जमीन महसुलात सूट, परीक्षा शुल्कात माफी यांसारख्या सवलतींचा विचार होतो. येथे ‘पिकले’ आणि ‘बुडाले’ या दोन टोकांच्या मध्ये अंश मोजले जातात आणि अपयशाचे खापर शेतकऱ्याच्या माथी फोडले जात नाही. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सप्टेंबर २०२१ मध्ये, २०१९-२० च्या हंगामात खेळलेल्या देशी खेळाडूंना २०२०-२१ च्या नुकसानीपोटी सामना-मानधनाच्या ५० टक्के रक्कम देण्याचे ठरविले, ते तत्त्वतः याच जातीचे होते. बुडालेल्या हंगामाची जणू पैसेवारी ठरविली गेली.

दुसरे साधन खेळातीलच आहे. ते म्हणजे ‘नाबाद’ हा शब्द. रचनेने तो नकारार्थी आहे, परंतु त्याचा अर्थ उणेपणाचा नाही. फलंदाजाचा डाव अपुरा राहिला, पण तो त्याच्या चुकीने संपला नाही, एवढेच तो सांगतो. सरासरी काढताना नाबाद डावातील धावा धरल्या जातात. ज्या संख्येने भागावयाचे तीत मात्र तो डाव धरला जात नाही. केलेले जमेस धरावयाचे आणि न संपलेले अंगावर टाकावयाचे नाही, हा न्याय शाळकरी मुलांनाही मान्य असतो.

अमेरिकेतील बेसबॉलच्या खेळाडूंना हाच न्याय मिळाला. तेथील महाविद्यालयीन क्रीडासंघटनेच्या नियमानुसार विद्यार्थ्यास पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येत. ३० मार्च २०२० रोजी प्रथम श्रेणीच्या परिषदेने वसंत ऋतूतील खेळांच्या सर्व खेळाडूंना एक हंगाम वाढवून दिला. खेळलेले सामने नोंदीत राहिले. हंगाम मात्र चारांत मोजला गेला नाही. हे शक्य झाले, कारण तेथे पात्रतेचे एक मुख्य परिमाण हंगाम हे आहे आणि हंगाम परत देता येतो. आपल्याकडे पात्रता प्रामुख्याने वयाने व प्रवेशाच्या वर्षाने मोजली जाते. वय कोणी परत देऊ शकत नाही. तथापि, वय मोजण्याची रीत बदलता येते. महाराष्ट्र शासनानेच १७ डिसेंबर २०२१ च्या निर्णयाने, १ मार्च २०२० पासून त्या दिनांकापर्यंत कमाल वयोमर्यादा ओलांडलेल्या स्पर्धापरीक्षांच्या उमेदवारांना एक संधी दिली. त्या काळापुरते त्यांचे वय जणू नाबाद धरले गेले. जे तत्त्व परीक्षेस लागू होऊ शकते ते मैदानास परके मानण्याचे कारण दिसत नाही.

६

या विवेचनातून निघणारी सूचना लहान आहे. महाविद्यालयांनी व विद्यापीठांच्या क्रीडाविभागांनी खेळाडूंच्या नोंदवह्यांत आणि शिफारसपत्रांत २०२०-२१ या वर्षापुढे ‘निरंक’ न लिहिता ‘महामारीमुळे स्पर्धा घेण्यात आली नाही, विद्यार्थी पात्र होता’ असे पूर्ण वाक्य लिहावे. ज्यांचा हंगाम मध्येच तुटला त्यांच्यापुढे खेळलेल्या सामन्यांची संख्या आणि खंडाचे कारण, दोन्ही नोंदवावीत. यासाठी नवा शब्द घडविण्याची आवश्यकता नाही, नियमात बदल करण्याचीही नाही. एका शब्दाच्या जागी एक वाक्य, एवढाच हा फरक आहे. अशा नोंदीने कोणाला पदक मिळणार नाही. परंतु उद्या सवलतीचा अथवा निवडीचा विचार करणाऱ्यास, कोण खेळला नाही आणि कोणाचे खेळायचे राहिले, हे त्या कागदावरून कळेल. वऱ्हाडातील बोली जो भेद नित्य पाळते तो आपल्या दप्तरांनीही पाळावा, अशी अपेक्षा गैर नव्हे.